सात लाखांत जर्मन सेडान की पिकअप?

आखाजीच्या आठवडाभर आधी चोपड्याहून मामेभावाचा फोन आला. केळीचे पैसे हातात आले होते. तीन लाख स्वतःचे, चारेक लाख कर्ज काढायची तयारी. त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक दहा वर्षं जुनी जर्मन सेडान, काळी, आतून चामड्याच्या सीट, वर काचेचं छप्पर. एजंट म्हणतो सात लाख. दुसरी धुळ्याची, एमएच 18 पासिंगची पिकअप, सहा वर्षं जुनी. तिचाही भाव सात लाखच.

"तू एवढी शिकेल शे, मंग सांग ना, कोनती लेऊ?"

माझा पीएचडीचा विषय म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात माहिती कोणाकडे किती असते आणि त्यामुळे भाव कसा ठरतो. घरच्यांना त्याचं भाषांतर "ही जुन्या गाड्यांवर काहीतरी लिहिते" असं झालंय. ते फार चुकीचंही नाही. पण दादाने विचारलं तेव्हा लक्षात आलं की पेपरातली समीकरणं मांडणं वेगळं आणि चार लाखांच्या कर्जाचा सल्ला देणं वेगळं. मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत जे मांडलं तेच इथे, जरा सविस्तर लिहिते आहे. तुमच्याही घरात असा एखादा दादा असेलच.

आधी तुम्हीच अंदाज करा. नवी असताना चाळीस लाखांची असलेली सेडान आणि नवी असताना नऊ लाखांची असलेली पिकअप, दोन्ही आज सात लाखांवर कशा येऊन ठेपल्या?

खडे निवडायची गोष्ट

1970 साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा एक छोटासा पेपर छापून आला. त्याआधी तीन नामवंत नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे 2001 मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि त्यात या पेपरचा मोठा वाटा होता.

मुद्दा साधा आहे. समजा बाजारात दहा सारख्याच दिसणाऱ्या सेडान उभ्या आहेत. पाच चांगल्या, त्यांची खरी किंमत नऊ लाख. पाचांच्या पोटात काहीतरी दुखणं आहे, त्यांची खरी किंमत पाच लाख. कोणती कुठली हे विकणाऱ्याला माहीत असतं, तुम्हाला नाही. मग तुम्ही काय कराल? सरासरी काढून सात लाख म्हणाल. नऊ लाखांची गाडी असलेला माणूस सातला विकायला तयार होणार नाही, तो गाडी घरी घेऊन जाईल. पाच लाखांचा मालक मात्र आनंदाने हो म्हणेल. म्हणजे तुम्ही सात लाख म्हणालात की तुमच्यासमोर उरतात त्या बहुतेक पाचवाल्याच. हे कळल्यावर तुम्ही भाव आणखी खाली आणता, मग उरलेल्यातल्या बऱ्या गाड्याही निघून जातात.

हा पेपर अमेरिकन गाड्यांचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात भारत बराच आहे. अकरलॉफ 1967-68 च्या सुमारास दिल्लीत राहिले होते. बाजारातून आणलेल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे घरातल्या बाईला निवडत बसावे लागतात, हे उदाहरण त्यांनी त्यात दिलंय. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा हातात सूप घेऊन ओट्यावर बसलेली मामीच डोळ्यांसमोर आली. खडे निवडण्याची जी मेहनत आहे, ती म्हणजेच माहिती मिळवण्याचा खर्च. तो कोणाला जमतो आणि कोणाला नाही, यावर बाजार कसा चालेल हे ठरतं.

आता सेडान आणि पिकअप यांत खडे कोणाचे निवडता येतात?

धुळ्यात किंवा जळगावात पिकअप बघायला जाणारा माणूस सहसा एकटा जात नाही. सोबत एखादा ड्रायव्हर किंवा मिस्त्री असतो, ज्याने त्याच इंजिनावर निम्मं आयुष्य काढलंय. तो आधी गाडीखाली शिरतो. चेसीसला वेल्डिंग आहे का, पाटे बसलेत का, एका बाजूला जास्तीचं पान घातलंय का, हे बघतो. जास्तीचं पान दिसलं की ओझं किती वाहिलं ते न विचारता कळतं. हौद्याचा पत्रा कुठे गंजलाय ते बघतो. केळीच्या घडांचा चीक आणि पाणी सतत पडलेला हौदा आणि सिमेंटच्या गोण्या वाहिलेला हौदा वेगळा दिसतो. मग फाळका आपटून बघतो. मग ऑइलचं झाकण उघडून धूर बघतो. अर्ध्या तासात तो तुम्हाला सांगू शकतो की ही गाडी साडेसहाची आहे की पाचची.

सेडानच्या बाबतीत हाच मिस्त्री बॉनेट उघडतो आणि प्लास्टिकचं एक मोठं काळं झाकण बघून गप्प बसतो. गिअरबॉक्सचा मेंदू इलेक्ट्रॉनिक, सस्पेन्शनमध्ये काही मॉडेलना हवेच्या पिशव्या, दरवाजा बंद करायलाही कॉम्प्युटर. त्या कंपनीचा स्कॅनर लावल्याशिवाय आतलं काही कळत नाही, आणि विकायच्या आदल्या दिवशी एरर पुसून टाकलेले असले तर स्कॅनरलाही लगेच काही दिसत नाही. तांदूळ आणि खडे एकाच रंगाचे.

पिकअपवरचाच पेपर

इथे मला एक गंमत सांगायची आहे. अकरलॉफच्या सिद्धांताची प्रत्यक्ष आकड्यांवर पहिली नावाजलेली परीक्षा घेतली गेली ती पिकअपवरच. 1982 मध्ये एरिक बाँड यांनी अमेरिकेच्या 1977 सालच्या ट्रक-पाहणीतली माहिती घेतली. त्या पाहणीत मालकांना विचारलं होतं की गाडी नवी घेतली की जुनी, आणि वर्षभरात इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक वगैरेंचं मोठं काम निघालं का. अकरलॉफ बरोबर असतील तर सेकंडहँड घेतलेल्या पिकअपना त्याच वयाच्या आणि तेवढ्याच पळालेल्या, पण पहिल्या मालकाकडेच राहिलेल्या पिकअपपेक्षा जास्त काम निघायला हवं. कारण बाजारात येणार त्या रडक्या गाड्या.

तसं काही निघालं नाही. वय आणि पळालेलं अंतर जुळवून बघितल्यावर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

दोन वर्षांनी या निष्कर्षावर वाद झाला. उत्तर देताना बाँड यांनी जास्त जुन्या गाड्या वेगळ्या काढून पाहिल्या. दहा वर्षांपलीकडच्या पिकअपमध्ये मात्र सेकंडहँड गाड्यांना जास्त काम निघत असल्याच्या खुणा दिसल्या. म्हणून "पिकअपचा बाजार प्रामाणिक असतो" असा याचा अर्थ काढू नका. माझ्या मते याचा अर्थ एवढाच की जिथे घेणारा स्वतः जाणकार आहे तिथे अकरलॉफची गाडी फारशी पळत नाही. आणि हो, तो अमेरिकेचा सत्तरच्या दशकातला बाजार आहे. तिथली पिकअप पुष्कळदा घरची गाडी असते, आपली पिवळ्या पाटीची आणि पोटासाठी पळणारी. आपल्याकडे ओझंही जास्त. त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलायचा नाही, प्रश्न विचारायची पद्धत तेवढी उचलायची.

ती पद्धत म्हणजे "गाडी कशी आहे" याआधी "गाडी विकायला का आली" हे विचारायचं.

पिकअप विकायला येण्याची कारणं खानदेशात पटकन सांगता येतात. हप्ते थकले, ड्रायव्हर सोडून गेला, मालकाने मोठी गाडी घेतली, वादळात केळी आडवी झाली आणि मालच उरला नाही. यातली बरीच कारणं मालकाच्या अडचणीची आहेत, गाडीच्या नाहीत. अडचणीतून विकलेली गाडी वाईट असेलच असं नसतं.

सेडानच्या बाबतीतही असं एक कारण आहे, आणि दादाच्या काळ्या गाडीमागे तेच होतं. ती दिल्ली पासिंगची होती. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवू नयेत असा हरित लवादाचा 2015 चा आदेश, तो 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. पुढे कोर्टाने त्यात फेरबदलही केले, पण मधल्या वर्षांत तिथल्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर राज्यांत निघाल्या. म्हणजे गाडी खराब म्हणून नव्हे, नियमामुळे स्वस्त. अकरलॉफच्या भाषेत ही चांगली बातमी आहे! एजंटही हेच सांगत होता, आणि खोटं सांगत नव्हता.

पण तो पुढचं सांगत नव्हता. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी लागते. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि इथला एकरकमी कर. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यातली दहा संपलेली. सात लाख ही गाडीची किंमत नव्हतीच, ती फक्त एजंटच्या हातात द्यायची रक्कम होती.

भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सिद्धांतातली नाही, साध्या गणितातली आहे.

चाळीस लाखांची सेडान सात लाखांना मिळते तेव्हा आपल्याला वाटतं, सात लाखांची गाडी घेतली. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचे टायर अजून चाळीस लाखांच्या गाडीचेच असतात. गाडीचा भाव उतरतो, पार्टचा नाही. वय वाढतं तसं पार्ट बदलायची वेळ मात्र जवळ येते. म्हणून एका ठरावीक वयानंतर गाडीची किंमत आणि एका मोठ्या दुरुस्तीची किंमत एकमेकींच्या जवळ येतात. पहिल्या मालकाने गाडी नेमकी तेव्हाच विकलेली असते. त्याला हे गणित कळलं म्हणूनच ती सात लाखांना आहे.

आपल्याकडचा मे महिना यात भर घालतो. जळगाव-भुसावळचं ऊन रबरी बूश, होज, एसीचा कॉम्प्रेसर यांना सोडत नाही. आणि काम निघालं तर गाडी नाशिकला, संभाजीनगरला, नाहीतर इंदूर-सुरतेला न्यायची. चालत गेली तर ठीक. क्रेनवर गेली तर तो खर्च वेगळा. पिकअपचा पार्ट मात्र तालुक्याच्या गावी, बहुधा स्टँडच्या मागच्याच गल्लीत मिळतो.

घसाऱ्याची एक गंमत सांगून पुढे जाते. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी पन्नास टक्के कमी धरतात, गाडी कुठलीही असो. आयकराच्या तक्त्यात साध्या मोटारीला वर्षाला 15 टक्के घसारा आणि भाड्याने चालवायच्या मालगाडीला 30 टक्के. म्हणजे सरकारी हिशोबात पिकअप दुप्पट वेगाने झिजते. बाजारात जाऊन बघा, उलटं दिसेल. कारण पिकअपचा भाव तिच्या लोखंडाचा नसतोच. ती पुढची काही वर्षं जे भाडं मिळवून देईल, त्याचा तो भाव असतो. जोवर रावेर-यावल-चोपड्यात केळी निघते आणि बांधावरून रस्त्यावर आणायला कोणीतरी लागतं, तोवर त्या भावाला खालून टेकू आहे. सेडानला असा टेकू नाही. नवं मॉडेल आलं की जुनं आणखी जुनं दिसतं.

22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, हेही लक्षात ठेवा. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. विकणारा जुन्याच भावावर अडून बसला तर त्याला हे शांतपणे सांगा.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पिकअपच. थांबा. मीही दादाला लगेच तेच म्हणणार होते. मग कागद घेतला.

आकडे समजुतीसाठी आहेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला. समजा एका खेपेचं भाडं 2,500 रुपये. डिझेल 900, ड्रायव्हर 600. टायर, विमा, पासिंग, दुरुस्ती यांसाठी प्रत्येक खेपेमागे 400 बाजूला. उरले 600. महिन्याला 20 खेपा झाल्या तर 12,000. चार लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी 16 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 14,000. म्हणजे गाडी रोज पळतेय, धूळ खातेय, आणि महिन्याला दोन हजार खिशातून जातायत!

दादाने स्वतः गाडी चालवली तर ड्रायव्हरचे 600 वाचतात, 24,000 हातात येतात, हप्ता जाऊन दहा हजार उरतात. पण हे दहा हजार गाडीने कमावलेले नाहीत, ते दादाच्या मजुरीचे आहेत. ड्रायव्हरला दिली असती त्याहून कमीच. खेपा वीसऐवजी बारा झाल्या तर स्वतः चालवूनही हप्ता कसाबसा निघतो.

म्हणून मी दादाला सेडानबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "महिन्याला किती खेपा? आणि शेत सांभाळून गाडी चालवशील कोण, तू की दुसरा?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तीन शेजाऱ्यांशी बोलून सांगतो.

कागदपत्रांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण इथे पैसे नाही, अख्खं घर जाऊ शकतं. पिकअप विकणारे कितीतरी जण सही केलेले टीटी फॉर्म (29 आणि 30) देऊन मोकळे होतात आणि घेणारा वर्षानुवर्षं गाडी नावावर करत नाही. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर. मधे चार जणांनी गाडी घेतली-विकली असली तरी. म्हणजे तुमच्या वडिलांनी विकलेली पिकअप आज कोण चालवतंय हे तुम्हाला माहीत नसेल, तर ते आजच शोधा. घेणाऱ्यानेही आरसीवरचा बँकेचा बोजा उतरलाय ना (फॉर्म 35), चलन बाकी नाहीत ना, हे बघावं. विमा नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

आणि वऱ्हाड. पिकअपच्या हौद्यात चटई टाकून वऱ्हाड नेणं आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात कोणाला काही वाटत नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असं सुप्रीम कोर्टाने आशा राणी खटल्यात 2002 मध्येच सांगितलंय. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला असेल तर गोष्ट वेगळी. लग्नाला निघालेले वीस जण हौद्यात असतील तर काही झाल्यास ती सगळी भरपाई गाडीमालकाच्या शेतावर येऊ शकते. नातेवाइकांना नाही म्हणणं अवघड आहे, मला कळतं. तरी म्हणा.

दिलासा देणारं एक. साडेसात टनांच्या आतली मालगाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे 2017 मध्ये ठरलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केलं. दादाकडे तेच लायसन्स आहे.

सेडान घेणाऱ्यांना मी वेडं समजते असं मात्र नाही. ज्याच्याकडे पैसे मोकळे आहेत, ज्याला एक मोठी दुरुस्ती झोप उडवणार नाही, त्याने सात लाखांत तो आराम घ्यावा. नव्या छोट्या गाडीपेक्षा ती हमरस्त्यावर कितीतरी भक्कम असते. फक्त कर्ज काढून घेऊ नये. आणि त्या गाडीचा खरा उपयोग पुष्कळदा रस्त्यावर नसतोच, दारात असतो. मुलगी बघायला आलेल्यांना ती दिसते. याला हसणं सोपं आहे. दादाचं लग्न अडलंय, मामी रोज त्याच्यावरून कुढते, आणि शेतकऱ्याला मुलगी द्यायला लोक मागेपुढे बघतात हे गावात कोणाला सांगायला नको. काळी सेडान त्याला हवी होती ती यासाठी. हे त्याने मला सांगितलं नाही, मामीने सांगितलं. माझ्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता. नंतर मी एक केला, पण त्यात आकडा काय लिहायचा ते अजून सुचलेलं नाही.

शेजाऱ्यांपैकी दोघांनी हंगामभर माल द्यायचं कबूल केलं. तिसरा म्हणाला, बघू. मिस्त्रीने धुळ्याच्या पिकअपचे पाटे बघून पंचेचाळीस हजार कमी करायला लावले, आणि दादाने कर्ज चारऐवजी अडीच लाखांवर आणलं, मामीने थोडे घातले. गाडी नावावर व्हायचीय, कागद आरटीओत आहेत.

दरम्यान सेडानवाल्या एजंटचे फोन चालूच आहेत. आधी सात होती, मग साडेसहा, परवा सहा म्हणाला. दादाने मला विचारलं, "एवढी सस्ती काबर करी ऱ्हायना तो?"